कंट्रोलर कुणाकडे बघत होता

गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, समोरासमोर दोन टेबलं, मनात आलं तर फिरणारा पंखा आणि जिन्यातून वर येणारा कोऱ्या कापडाचा वास. माणसं दोनच, मी आणि माझा जोडीदार. जोडीदार म्हणजे धंद्यातला. नवरा वेगळा आहे आणि तो बिचारा बँकेत आहे.

जोडीदार करमाडचा, मी पाचोडची. इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो, पुढे दोघांनीही पुण्यात नोकऱ्या केल्या आणि दोघंही कंटाळून परत आलो. तो मला चिडवायला ‘मॅडम’ म्हणायचा आणि लगेच ‘तू’वर यायचा. माझ्या सासूबाईंना तो त्यांच्या मुलापेक्षा जास्त आवडायचा, कारण तो त्यांच्या हातची भाजी दोनदा मागून घ्यायचा. हे सगळं आज लिहिताना मला राग येतो. गोड माणसाबद्दल चांगलं लिहावं लागणं ही मोठी शिक्षा आहे.

आम्ही दोघांनी मोसंबीच्या भावाचं ॲप काढलं होतं. पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार भरतो. पूर्वी तिथं भाव रुमालाखाली व्हायचा. आडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकून आतल्या आत बोटं दाबायचे, आणि माल ज्याचा तो बागवाला बाजूला उभा राहून दोघांची तोंडं न्याहाळत बसायचा. माझे वडीलही तसेच उभे राहायचे, मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभी असायचे. आमच्या ॲपमध्ये सौदा झाला की आडत्या भाव टाकायचा आणि तो त्याच क्षणी बागवाल्याच्या फोनवर दिसायचा. सांगायला सोपं आहे, पण आडत्यांना यासाठी तयार करायला मला त्यांच्या गाद्यांवर जाऊन जाऊन चहा ढोसावा लागला. जोडीदार तेव्हा ऑफिसात बसून प्रोग्रॅम लिहायचा. बोलायचं काम माझं, असं आमचं ठरलं होतं. शेवटी सगळ्यात जुना, सगळ्यात खवट आडत्या तयार झाला, आणि मग बाकीचे त्याच्यामागून आले. हा आडत्या वडिलांच्या ओळखीचा, मला ‘पोरी’ म्हणणारा. त्याची अट एकच होती. “बंद पडलं तर म्या तुला वळखत नाय,” तो म्हणाला होता.

बंद पडणार नाही, हा शब्द मी दिला होता. आणि कशाच्या जिवावर दिला होता, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचा प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालत नव्हता. तो एका बंद डब्यात भरलेला असायचा, त्याला कंटेनर म्हणतात. अशा एकसारख्या सहा प्रती भाड्याच्या तीन यंत्रांवर वाटून ठेवलेल्या. यंत्रं कुठल्याशा मोठ्या शहरात, आम्ही ती कधी पाहिली नाहीत. ही तीन यंत्रं मिळून क्लस्टर. आता प्रती मरतात. मेमरी भरते, यंत्र बंद पडतं, काहीही होतं. म्हणून क्लस्टरमध्ये कंट्रोलर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला दोनच गोष्टी कळतात, आमच्या भाषेत ‘हवं’ आणि ‘आहे’. हवं सहा, आहे पाच, तर एक प्रत नवीन उभी करायची. हवं सहा, आहे सात, तर एक बंद करायची. मग परत बघायचं. प्रत का मेली, कुणी मारली, याची चौकशी त्याच्या कामात बसत नाही. त्या म्हाताऱ्या आडत्याला मी सांगितलं होतं की पंगतीतला वाढपी जसा पानाकडे बघतो, माणसाच्या तोंडाकडे नाही, तसा हा आहे. पोळी संपली की वाढतो. आडत्याला ते पटलं, कारण त्याच्याकडच्या लग्नात चांगला वाढपी मिळाला नव्हता.

या कंट्रोलरच्या डोक्यावर आम्ही आणखी एक बसवला होता. काय हवं ते आम्ही इंटरनेटवरच्या आमच्या सामायिक भांडारात लिहून ठेवायचो. वरचा कंट्रोलर सतत त्या भांडाराकडे बघायचा आणि तिथं जे लिहिलंय तेच खालच्याला सांगायचा. म्हणजे कुणी मधेच घुसून क्लस्टरमध्ये हातानं काही बदललं, तर थोड्या वेळात ते पुसून परत लिहिल्यासारखं व्हायचं. एकदा जोडीदारानं घाईत हातानं सहाच्या आठ केल्या, आणि चहा येईपर्यंत त्या परत सहा झाल्या होत्या. “आपलाच गडी आपल्यालाच जुमानत नाय,” तो म्हणाला आणि आम्ही पोट धरून हसलो. मला हा गडी फार आवडायचा. घरात, दारात, नात्यात, ठरलेलं कुणी ठरल्यासारखं करत नाही, हा करायचा.

आणि भांडारात लिहायचाही एक नियम होता, तो आम्ही पहिल्या आठवड्यातच केला. एकानं बदल लिहायचा, दुसऱ्यानं तो वाचून खाली ‘व्हय’ लिहायचं. दुसऱ्याचा होकार पडल्याशिवाय भांडार बदल घेतच नसे, तशी सोयच करून ठेवली होती. पुण्यात सगळे इंग्रजीत काहीबाही लिहायचे, आम्ही ‘व्हय’ लिहायचो. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी एका हातात आणि फोन एका हातात धरून मी व्हय लिहिलं आहे. त्यानं सासऱ्याच्या तेराव्याला जेवणं चाललेली असताना लिहिलं आहे. धंद्याची ती सगळी वर्षं त्या एका शब्दावर चालली, असं म्हटलं तरी चालेल.

या नियमाबाहेर एकच गोष्ट होती. वरच्या कंट्रोलरनं कुठल्या भांडाराकडे बघायचं, ते. ते सुरुवातीला कुणीतरी हातानं सांगावंच लागतं. ते आम्ही पहिल्या दिवशी सांगितलं, मी पत्ता मोठ्यानं वाचला, त्यानं टाइप केला आणि त्यानंतर ते दोघंही विसरलो. निदान मी तरी विसरले.

आता खंडेनवमी. आमच्या खाली कापडवाले शेटजी त्या दिवशी गज आणि कात्र्या धुऊन पुसून गादीवर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि त्या दिवशी दुकानात कापड फाडलं जायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी उद्या या म्हणायचे. हे बघून आम्हीही सुरू केलं. दोन लॅपटॉप, राऊटर, पावसाळ्यात जीव वाचवणारा यूपीएस, सगळं टेबलावर मांडायचं. क्लस्टर दूर, त्याची पूजा कशी करणार? मग जोडीदारानं डोकं लढवलं. लग्नाकार्यात गैरहजर माणसाच्या नावानं सुपारी मांडतात, तशी क्लस्टरच्या नावानं एक सुपारी. तिला कुंकू लावायचं, फूल वाहायचं. मी हसले होते, पण मग मलाच ती सुपारी लागायला लागली. दरवर्षी तीच, माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेली.

त्या वर्षीही मांडली. झेंडूची फुलं, पेढे, उदबत्ती, सगळं त्यानंच आणलं. लॅपटॉप मिटवून त्यांच्या पाठीवर त्यानं स्वस्तिक काढलं. मी माझ्या लॅपटॉपवर जरा जास्तच कुंकू सांडलं म्हणून ओरडा खाल्ला. निघताना तो म्हणाला, “आज हात लावायचा नाय हां मॅडम. तुझं काय, तू घरी जाऊन उघडशील.” मी उघडला नाही. बाजार दोन्ही दिवस बंद होता, काम काहीच नव्हतं, आणि खरं तर मला तो नियमच आवडायचा.

दसऱ्याला संध्याकाळी तो आमच्या घरी सोनं द्यायला आला. सासूबाईंना वाकून नमस्कार केला, भाजी दोनदा घेतली. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “मॅडम, यंदा लई मोठं व्हायचं.” मला वाटलं, आम्ही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि मी ऑफिसच्या जिन्यात असतानाच आडत्याचा फोन आला.

“पोरी, आज भाव टाकता यीना. पांढरं दिसतंय सगळं.”

“नेट असेल तिकडचं,” मी म्हणाले.

“नेट चालू हाय. म्या नातवाचं रील बघिटलं आत्ता.”

वर जोडीदार आधीच येऊन बसला होता. मी पर्स टाकली आणि क्लस्टर उघडलं. सहा प्रतींच्या जागी एकही नव्हती. एक मेलेली असते, दोन मेलेल्या असतात, पण सहाही एकदम नसणं मी पाहिलं नव्हतं. मी आधी भांडारात बघितलं. तिथं सहा लिहिलेले होते. हवं सहा, आहे शून्य, आणि कंट्रोलर गप्प.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“शून्य. सहाच्या सहा गायब.”

“आरं तिच्या,” तो म्हणाला, आणि उठून माझ्या मागं येऊन उभा राहिला.

मी नियम मोडला आणि थेट क्लस्टरमध्ये हातानं सहा लिहिलं. झटक्यात सहा प्रती उभ्या राहिल्या. मी आडत्याला फोन लावला, आता बघा म्हणाले. तो बघेपर्यंत एकेक करून सहाही विझल्या. मी परत लिहिलं. परत उभ्या राहिल्या, परत गेल्या. मी लिहायची, तो पुसायचा. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. पाचोडहून फोनवर फोन येत होते आणि प्रत्येकाला मी थोडा वेळ द्या, थोडा वेळ द्या म्हणत होते. म्हाताऱ्याचा परत फोन आला तेव्हा तो चिडलाही नव्हता, तेच वाईट. “ऱ्हाऊ दे पोरी,” तो म्हणाला, “आज रुमाल काढलाय आमी.”

“कंट्रोलर येडा झाला आसंल,” जोडीदार त्याच्या जागेवरून म्हणाला. “रिस्टार्ट मार त्याला.”

मी वरचा कंट्रोलर रिस्टार्ट केला. तो ताजातवाना होऊन आला आणि पहिलं काम काय केलं, तर शून्य.

“यंत्रं तपास, जागा भरली आसंल.”

यंत्रं तपासली. जागा हवी तेवढी होती.

मधेच तो खाली जाऊन चहा घेऊन आला. माझा आलं जास्त घातलेला, वेगळा सांगून आणलेला. मी त्याच्या टेबलावरून कप घेताना त्याच्या लॅपटॉपकडे लक्ष गेलं. बटणांच्या फटीत कुंकू होतं. इथं लाल, तिथं लाल, मधल्या ओळीत तर चांगलंच. मला त्या गडबडीतही हसू आलं. “कळफलकालाही कुंकू लावलंस वाटतं,” मी म्हणाले. “मला ओरडत होतास.”

“उडलं आसंल पूजेत,” तो म्हणाला आणि रुमालानं पुसलं.

मी जागेवर येऊन बसले आणि चहा प्यायले. चहा चांगला होता, हे मला अजून आठवतं, आणि आठवलं की अंगाची आग होते.

दुपार झाली. बाजार उठत आला होता. मी हात मांडीवर ठेवून नुसतीच स्क्रीनकडे बघत बसले होते. आणि मग मला माझीच पंगत आठवली. वाढपी वेडा होत नाही. त्याला वेडं व्हायला लागणारं काही त्याच्यात नाहीच. मी एवढी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले होते, की हा फक्त लिहिलेलं करतो, याला रुसणं नाही, विसरणं नाही, स्वतःचं मत नाही. मग तो शून्य करतोय म्हणजे कुणीतरी शून्य लिहिलंय. आमच्या भांडारात सहा आहेत. म्हणजे तो आमच्या भांडाराकडे बघत नाही. सकाळपासून तो बिचारा इमानदारीत काम करत होता, आणि मी त्याला बिघडलेला समजत होते.

मी वरच्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये गेले आणि पत्ता बघितला. पहिल्या दिवशी मी मोठ्यानं वाचलेला पत्ता. तो जवळजवळ तसाच होता. फक्त आमच्या धंद्याचं नाव होतं तिथं माझ्या जोडीदाराचं स्वतःचं नाव होतं.

त्या पत्त्यावर गेले. आमच्या भांडाराची हुबेहूब नक्कल. प्रत्येक फाईल तीच, माझे शब्द तेच, तीन वर्षांपूर्वी मी गंमत म्हणून लिहून ठेवलेली एक शिवीसुद्धा तशीच. एका जागी फक्त सहाचं शून्य केलेलं. खाली कुणाचा व्हय नव्हता, कारण त्याच्या एकट्याच्या घरात व्हय म्हणायला दुसरं कुणी नव्हतंच. बदल खंडेनवमीचा होता. संध्याकाळचा, म्हणजे मला हात लावू नकोस सांगून तो घरी गेल्यानंतरचा.

मी मान वर करून त्याच्या बोटांकडे बघितलं. बोटं स्वच्छ होती. पूजेच्या दिवशी मात्र नसणार. हात धुवायचीसुद्धा सवड त्यानं घेतली नव्हती.

“कंट्रोलर येडा नाही झालेला,” मी म्हणाले.

मला वाटलं होतं, तो निदान दचकेल. त्यानं लॅपटॉप हळूच मिटवला, जसा आपण काम संपल्यावर मिटवतो.

“दोन दिवसात सांगणारच व्हतो,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. एका मोठ्या कंपनीला बाजारभावाच्या धंद्यात उतरायचं होतं. त्यांचं ॲप तयार होतं, आडते नव्हते. आडते त्याच्याकडे होते. ‘माझ्याकडे’ असं तो म्हणाला, गादीवरचा एकही चहा न पिता. त्याला तिथं चांगली जागा मिळणार होती. पण आडते चालू ॲप सोडून हलले नसते, म्हणून चालू ॲप बंद पडायला हवं होतं.

“मला विचारायचंस,” मी म्हणाले.

“इचारलं असतं तर तू नाय म्हणली असतीस.”

“म्हणून नाही विचारलंस.”

“भांडारात लिवलं असतं तर तुझा व्हय लागला असता. तू दिला असता?”

हे त्यानं अगदी सरळपणे विचारलं. नियम त्यानं मोडला नव्हता, असं त्याला वाटत होतं. नियमाच्या बाजूनं तो वळसा घालून गेला होता. मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही, खाली शेटजी जिन्यात येऊन उभे राहिले होते एवढं सांगते. रुमालाखाली सौदा केलास, असं मी म्हणाले ते आठवतं. पण ज्याचा राग खरा होता तो मला शब्दात येईना. ॲप बंद केलंस, ठीक. आडते नेलेस, तेही एक वेळ ठीक, धंदा आहे. पण सकाळपासून समोर बसून माझी धडपड बघत होतास. रिस्टार्ट कर म्हणालास. जागा तपास म्हणालास. माझ्यासाठी आल्याचा चहा आणलास. यातलं ‘चहा कशाला आणलास?’ एवढंच तोंडातून निघालं.

“मग काय करणार व्हतो?” तो म्हणाला. “तू लई घाबरली व्हतीस.”

त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे जास्त चीड आली. त्याला माझी कीव येत होती आणि ती कीव करत करतच तो मला शून्यावर आणत होता.

तो गेल्यावर मी वरच्या कंट्रोलरला परत आमच्या भांडाराकडे बघायला लावलं. पत्ता या वेळीही मोठ्यानं वाचला, एकटीनंच. आणि काय झालं? काहीच विशेष नाही. त्यानं बघितलं, सहा हवेत म्हणून खालच्याला सांगितलं, खालच्यानं सहा उभ्या केल्या. दिवसभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते पाणी पिऊन येईपर्यंत झालं. त्याला ना लाज, ना राग. सकाळी एकाचं ऐकत होता, आता दुसरीचं. मला पहिल्यांदाच तो आवडला नाही.

मी म्हाताऱ्या आडत्याला फोन केला आणि चालू झालं म्हणून सांगितलं.

मग तो म्हणाला, “पोरी, तुला म्हाईत नाय का?”

“काय?”

“त्यो तुझा जोडीदार दसऱ्याच्या आदी आला व्हता गादीवर. म्हणला मॅडम सोडून ऱ्हायल्या, आता नवीन कंपनीत मी बघणार. जुनं बंद होनार हाय, नवीन घ्या. आमी घेतलं की सगळ्यांनी.”

“मग सकाळी मला फोन का केलात?”

“म्हणलं, खरं हाय का बघावं. तू थोडा वेळ द्या म्हणायलीस. मग नवीन उघडलं नाय, रुमाल काढला. म्हणलं, पोरीला येक दिवस तरी द्यावा.”

त्या दिवशी मला रडू आलं ते यावर. जोडीदाराच्या वेळी नव्हतं आलं.

पुढे मी पाचोडला गेले, गाद्यांवर बसले, चहा प्यायले. सगळे चांगलं बोलले. माझ्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी केली. पण नवीन कंपनीनं त्यांना फोन दिले होते, पोरं पाठवली होती, आणि मुख्य म्हणजे ते बंद पडलं नव्हतं. आमचं पडलं होतं. का पडलं हे मी सांगत होते, पण मोसंबी नासते, ती कारणं ऐकायला थांबत नाही. म्हातारा काही दिवस दोन्हीकडे भाव टाकत राहिला, माझ्यासाठी. मग एक दिवस म्हणाला, “पोरी, येकट्यानं टाकून काय उपेग? बघायलाच कुनी नाय.”

सहा प्रती मात्र चालू होत्या. एक मधेच मेली की कंट्रोलर लगेच दुसरी उभी करायचा. कुणी येत नव्हतं, कुणी भाव टाकत नव्हतं, तरी हा आपला सहा राखून बसलेला. हवं सहा, आहे सहा. मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन ते बघायची. समोरचं टेबल शेटजींनी कापडाचे तागे ठेवायला मागितलं, मी दिलं. नवरा म्हणाला, कशाला चालवतेस? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मला माहीत होतं तो बरोबर आहे.

शेवटी एक दिवस मी भांडार उघडलं आणि सहाच्या जागी शून्य लिहिलं. माझ्या हातानं, सरळ, भांडारात. आणि ते घेईना. दुसऱ्याचा होकार हवा होता.

दुसरा म्हणजे तोच. त्याचं नाव काढून टाकायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे, काढायला बसायची आणि उठायची. मला दुसरा रस्ता नव्हता असं नाही. कंट्रोलरची मान मलाही दुसरीकडे वळवता आली असती, एका मिनिटाचं काम, त्यानंच शिकवलं होतं. पण ते माझ्याच्यानं होईना. त्या धंद्यात माझं म्हणून जे काही शिल्लक होतं, ते म्हणजे तो नियम. मी बदल त्याच्या होकारासाठी पाठवून दिला.

पाठवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. खाली शेटजी गजानं कापड मोजून फाडत होते. मला वाटत होतं, आता तो फोन करेल. निदान ‘कामून?’ असं विचारेल. एवढ्या वर्षांचं काम शून्य होतंय, तर माणूस एकदा तरी थांबेल, वाचेल, नको म्हणेल. तो नको म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्यानं म्हणावं असं मला फार वाटत होतं, हे खरं आहे.

वळून बघितलं तर उत्तर येऊन पडलेलं होतं. बारशाच्या वेळी मला लागला होता त्याहूनही कमी वेळ त्याला लागला होता. खाली एकच शब्द होता, नेहमीचा.

व्हय.

कंट्रोलरनं ते वाचलं आणि एकेक करून सहाही प्रती बंद केल्या.